पैसा नाही, तरी खेळाडू हवा

बारावीचा निकाल लागला, की अमरावती-अकोल्यातल्या कॉलेजांत प्रवेशाची टेबलं लागतात आणि त्याच सुमारास एक वेगळी फोनाफोनी सुरू होते. फोन करणारे असतात कॉलेजचे शारीरिक शिक्षण संचालक. सगळे त्यांना ‘डीपीई’ किंवा नुसते ‘पीटी सर’ म्हणतात. पलीकडे असतो एखाद्या शाळेचा क्रीडाशिक्षक. ‘विभागीयला तुमचा तो नांदगाव पेठचा पोट्टा होता पाहा, सेंटर फील्डवरून एका टप्प्यात होमला बॉल फेकणारा. त्यानं फॉर्म कुठं भरला?’ तिकडून उत्तर येतं, ‘भरला नाही अजून सर. बाप म्हणते आयटीआय कर.’ मग डीपीई त्या बापाशी बोलायला निघतात. खेळाडूंची भरती म्हणतात ती ही. जाहिरात नाही, करार नाही, बोली नाही आणि मुख्य म्हणजे पैसा नाही.

नांदगाव पेठ म्हटलं की बहुतेकांना टोलनाका, एमआयडीसीतले कापडाचे कारखाने आणि औष्णिक वीज केंद्र आठवतं. (धनुर्विद्येसाठी गाजलेलं नांदगाव ते हे नव्हे, ते नांदगाव खंडेश्वर.) इथल्या पोराच्या हातात बेसबॉल कुठून आला? उत्तर साधं आहे: शाळेतून. राज्याच्या क्रीडा विभागाच्या शालेय स्पर्धांत क्रिकेट, कबड्डी, खो-खो यांच्यासोबत सॉफ्टबॉल आणि बेसबॉलही आहेत. जिल्ह्यातून विभाग, विभागातून राज्य, राज्यातून राष्ट्रीय अशी ही शिडी. राज्यात आठ विभाग आहेत. अमरावती विभागात अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा आणि वाशीम हे पाच जिल्हे येतात, आणि अमरावती व अकोला या महापालिकांचे संघ वेगळे धरले जातात. आता यातली गंमत पाहा. नांदगाव पेठच्या शाळेत शिकणारा मुलगा जिल्ह्याकडून खेळतो. त्याच गावातला, त्याच्याच गल्लीतला दुसरा मुलगा रोज दहा-बारा किलोमीटर जाऊन अमरावती शहरातल्या शाळेत शिकत असेल, तर तो महापालिकेकडून खेळतो. दोघं विभागीय स्पर्धेत समोरासमोर येऊ शकतात. कोण कुठून खेळणार हे घर नव्हे, शाळा ठरवते. जाणत्या क्रीडाशिक्षकाला हे तोंडपाठ असतं आणि कोणता रस्ता कमी गर्दीचा, याचाही हिशेब त्याच्याकडे असतो.

कमी गर्दीचा रस्ता हे बेसबॉलचं खरं आकर्षण आहे, हे मोकळेपणाने मान्य करायला हवं. क्रिकेटमध्ये जिल्ह्याच्या संघात नाव लागायला शेकडो पोरांतून वर यावं लागतं. बेसबॉलमध्ये स्पर्धेला उतरणाऱ्या शाळाच मोजक्या. दोन-तीन सामने जिंकले की विभाग गाठता येतो. दहावी-बारावीला खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात, जास्तीत जास्त २५. ते गुण कोणत्या पातळीपर्यंत खेळलात यावर ठरतात, गर्दी किती होती यावर नाही. त्यामुळे पुष्कळ शाळांत क्रिकेटचेच फलंदाज पावसाळ्यानंतर आठवडाभर हेल्मेट बदलून बेसबॉलपटू होतात. काहींना ही लबाडी वाटते. मला तसं वाटत नाही. गुणांसाठी आलेल्या पोरांतूनच एखाद्याला खेळाची गोडी लागते, आणि मग तो एकोणीस वर्षांखालच्या गटात अकरावी-बारावीचीही दोन वर्षं खेळत राहतो. डीपीईंची नजर असते ती याच गटावर.

ती नजर काय पाहते? धावसंख्या तर मुळीच नाही. नवशिक्या पिचरसमोर कुणीही फटके मारतो. पाहायचा असतो हात. बेसबॉलमध्ये पिचर आणि होम प्लेट यांत १८.४४ मीटर अंतर असतं आणि एका बेसपासून दुसऱ्या बेसपर्यंत २७.४३ मीटर. होम ते सेकंड बेस हा त्या चौकोनाचा कर्ण, जवळजवळ ३९ मीटर. धावपटू सेकंड बेस चोरायला निघाला, की कॅचरला बसल्या जागेवरून उठून तेवढं अंतर सरळ रेषेत, खांद्यावरून, एका झटक्यात फेकावं लागतं. क्रिकेटचा चांगला विकेटकीपर हे लवकर शिकतो, कारण त्याला बसायची आणि चेंडूमागे पाय सरकवायची सवय असते. सीमारेषेवरून फेकणारा क्षेत्ररक्षक आउटफील्डला चालतो. पण क्रिकेटचा वेगवान गोलंदाज आपोआप पिचर होत नाही, ही गोष्ट बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. गोलंदाजाचा हात कोपरात सरळ असतो, त्याला धाव घेऊन टाकायची सवय असते. पिचरचा हात कोपरात वाकून चाबकासारखा सुटतो आणि तो उभ्या जागेवरून, एक पाय जमिनीतल्या रबरी पट्टीवर ठेवून टाकतो. म्हणून अनुभवी सर गोलंदाजांपेक्षा दगड मारून चिंचा पाडणाऱ्या पोराकडे जास्त आशेने पाहतात. डावखुरा पिचर मिळाला तर सोन्याहून पिवळं. फक्त त्याच्यासाठी उजव्या हातात घालायचा ग्लोव्ह मिळवताना सरांची दमछाक होते.

आता पोराला कॉलेजात आणायचं, तर देणार काय? अनुदानित कॉलेजच्या डीपीईकडे खेळाची शिष्यवृत्ती म्हणून द्यायला जवळजवळ काही नसतं. ट्रॅकसूट, बूट, स्पर्धेचा प्रवासखर्च आणि भत्ता, मैदानाची चावी, एखाद्या वेळी वसतिगृहात खाट. बाकी सगळा मायेचा आणि ओळखीचा मामला. पण फीचा प्रश्न प्रत्यक्षात वेगळ्याच खिडकीवर सुटतो. मागास प्रवर्गातल्या विद्यार्थ्याला मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती असते. आर्थिकदृष्ट्या मागास असलेल्यांना राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शुल्क सवलत, आणि व्यावसायिक अभ्यासक्रमाला गेलेल्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाचा वसतिगृह निर्वाह भत्ता. हे अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर भरायचे असतात, आणि चांगला डीपीई नेमकं तेच काम स्वतः बसून करून देतो: उत्पन्नाचा दाखला कधी काढायचा, आधार बँकेला जोडलं का, अर्ज कुणाच्या लॉगिनला अडकला. खेळाडू त्याला खेळासाठी हवा असतो, पण मुलाच्या हातात पैसा येतो तो बापाच्या उत्पन्नामुळे.

अमेरिकेतल्या छोट्या कॉलेजांत नेमकं हेच चालतं, फक्त आकडे डॉलरमध्ये. तिथल्या कॉलेज क्रीडा संघटनेने, म्हणजे एनसीएएने, १९७३ मध्ये कॉलेजांची तीन गटांत विभागणी केली. पहिल्या दोन गटांत खेळासाठी शिष्यवृत्ती देता येते. तिसऱ्या गटात, म्हणजे डिव्हिजन थ्रीमध्ये, एक पैसाही देता येत नाही. गंमत म्हणजे तिन्हींत सर्वांत मोठा गट हाच आहे. चारशेहून अधिक कॉलेजं, दोन लाखांच्या आसपास खेळाडू. आणि कॉलेज बेसबॉलचा उगमही याच घराण्यातला. १ जुलै १८५९ रोजी मॅसॅच्युसेट्समधल्या पिट्सफील्ड गावी अ‍ॅम्हर्स्ट आणि विल्यम्स या कॉलेजांत पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना झाला. तेव्हाचे नियम वेगळे होते, धावा उदंड निघत. अ‍ॅम्हर्स्टने तो ७३–३२ असा जिंकला. आज ही दोन्ही कॉलेजं डिव्हिजन थ्रीत आहेत.

तिथल्या बेसबॉल कोचकडे पैसा नाही, पण वेळ आहे आणि ईमेल आहे. त्याची भरती अशी चालते. अकरावी-बारावीच्या वयाचा मुलगा स्वतःच पंधरा-वीस कॉलेजांच्या कोचना पत्र लिहितो: उंची, वजन, कोणत्या जागेवर खेळतो, शाळेचे गुण, सोबत फटके आणि फेक दाखवणारा दोन मिनिटांचा व्हिडिओ. उन्हाळ्यात शिबिरं असतात. तिथे रडार बंदुकीने फेकीचा वेग मोजतात, साठ यार्ड धावायला किती सेकंद लागतात ते टिपतात. कोचला मुलगा आवडला की तो लगेच जागा देत नाही. आधी मुलाची गुणपत्रिका प्रवेश कार्यालयाकडे पाठवतो आणि विचारतो, ‘हा आपल्या कॉलेजात बसेल का?’ याला तिथे पूर्वतपासणी म्हणतात. उत्तर होकारार्थी आलं तर कोच मुलाला सांगतो, तू अर्ज कर, मी पाठीशी आहे. कडक प्रवेश असलेल्या कॉलेजांत हा पाठिंबा भलताच मोलाचा असतो. कोचकडे असे पाठिंबे मोजकेच असतात, आणि तो ते पिचर, कॅचर, शॉर्टस्टॉप यांच्यावर आधी खर्च करतो.

पैशाचं काय? खेळाडू म्हणून काही नाही. पण कुटुंबाच्या उत्पन्नानुसार मदत आणि गुणवत्तेनुसार सवलत मिळू शकते. अट अशी की ती ठरवताना खेळाचा विचार होता कामा नये. खेळाडूंना इतरांपेक्षा जास्त मदत गेली का, हे एनसीएए दरवर्षी आकडे मागवून तपासते. एका अर्थी हे आपल्या महाडीबीटीचंच भावंड: मैदानाच्या नावाने काही नाही, पण घरची स्थिती पाहून असेल तर मिळेल. फरक मोठा आहे तो असा, की अमेरिकेतलं खासगी कॉलेज सवलतीनंतरही कुटुंबाला कर्जात बुडवू शकतं. वऱ्हाडातल्या अनुदानित कॉलेजात बीए केलेल्या खेळाडूवर निदान तेवढं ओझं तरी राहत नाही.

मग पैसे न देता खेळाडू कशाला गोळा करायचे? प्रश्न रास्त आहे, आणि दोन्हीकडची उत्तरं वेगळी आहेत. अमेरिकेतली छोटी कॉलेजं फीवर चालतात. बेसबॉलच्या संघात चाळीस मुलं घेतली, तर चाळीस फी भरणारे विद्यार्थी मिळाले. मैदानात उतरतात नऊच, बाकी बाकावर किंवा दुय्यम संघात. काही कॉलेजांत कोचला वर्षाला किती मुलं आणायची याचा आकडाच दिलेला असतो. म्हणजे तिथे कोच अर्धा प्रवेश अधिकारी असतो. हे कळल्यावर ‘कोचचा मला फोन आला’ या वाक्याची चमक थोडी उतरते.

आपल्याकडे कारण आहे नॅक, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन. मूल्यांकनाच्या वेळी कॉलेजला विद्यापीठ, राज्य आणि राष्ट्रीय पातळीवरची पदकं मोजून दाखवावी लागतात. ज्या कॉलेजात क्रिकेटचं पदक येणं अवघड, तिथे बेसबॉल, सॉफ्टबॉल, नेटबॉल अशा खेळांतलं पदक रकाना भरायला उपयोगी पडतं. प्राचार्यांना रकाना हवा, डीपीईंना संघ हवा, पोराला प्रमाणपत्र हवं. तिघांचं तात्पुरतं जमतं. यात वाईट काही नाही, पण मूल्यांकनाचं वर्ष संपलं की संघ गायब होणारी कॉलेजंही असतात, आणि त्याचा फटका बसतो तो दुसऱ्या वर्षाला असलेल्या मुलाला.

अमरावतीत या सगळ्याला एक मोठा अपवाद आहे: श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ. वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये सुरू केलेल्या या आखाड्याच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीसह देशी खेळांची प्रात्यक्षिकं जगाला दाखवली होती. मंडळाच्या शारीरिक शिक्षण महाविद्यालयात देशभरातून मुलं येतात, आणि तिथे खेळ हाच अभ्यासक्रम आहे. इतर कॉलेजांना विद्यापीठाच्या स्पर्धांत अशा संघासमोर उतरायचं असतं. चारशे विद्यार्थ्यांच्या एखाद्या कला महाविद्यालयाने अशा संघाविरुद्ध नऊ जण उभे केले, तरी मी त्यांना शाबासकी देईन.

या रचनेचा दुसरा टप्पा आहे विद्यापीठाचा संघ. १९८३ मध्ये नागपूर विद्यापीठातून वेगळं झालेलं अमरावती विद्यापीठ, आताचं संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ, आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा आणि निवड चाचण्या घेऊन संघ निवडतं. त्या संघाचं शिबिर होतं आणि तो भारतीय विद्यापीठ महासंघाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो. तिथे वयाची अट साधारण १७ ते २५ अशी असते. विद्यापीठाकडून खेळला तो ‘कलर होल्डर’. नांदगाव पेठच्या पोराला कॉलेजने दिलेली खरी गोष्ट हीच: या चाचणीला उभं राहायचा हक्क. हा हक्क कॉलेजमार्फतच मिळतो. कॉलेजने प्रवेशिकाच पाठवली नाही, तर हात कितीही चांगला असला तरी उपयोग नाही.

पैसा देणारी वाट आपल्या देशात नाही असं मात्र नाही. पंजाबकडची काही खासगी विद्यापीठं राष्ट्रीय पदकवाल्यांची फी माफ करतात, राहण्या-जेवणाची सोय करतात आणि मग मौलाना अबुल कलाम आझाद करंडकासाठी झुंजतात. दुसरी वाट सरकारी क्रीडा प्रबोधिनीची. तिथे मूल लहानपणी उचलतात, त्याला कोणता खेळ जमेल हे शरीर पाहून ठरवतात आणि निवासी शिक्षण देतात. सातारा जिल्ह्यातल्या सरडे गावचा, मजुरांच्या घरातला प्रवीण जाधव असाच अमरावतीच्या प्रबोधिनीत धनुर्विद्या शिकला. पुढे लष्करात गेला आणि टोकियो ऑलिंपिकला भारताकडून उतरला. पण प्रबोधिनीचे खेळ आणि जागा मर्यादित आहेत. अकरावीत पहिल्यांदा ग्लोव्ह हातात घेतलेल्या मुलासाठी ते दार बंद झालेलं असतं. त्याला उरतं ते डीपीईचं दार.

आणि तिथून कुणी फार पुढे जाऊ शकतं का? अमेरिकेतलं एक उदाहरण कोच मंडळी हमखास देतात. बिली वॅगनर हा डावखुरा पिचर व्हर्जिनियातल्या फेरम या छोट्या डिव्हिजन थ्री कॉलेजात खेळला आणि २०२५ मध्ये बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये गेला. उदाहरण खरं आहे, पण त्याच्याकडे पाहून कॉलेज निवडायचं नसतं. बहुतेकांचा शेवटचा सामना पदवीच्या वर्षीच होतो. वऱ्हाडात तर पुढची वाट आणखी स्पष्ट आहे: बीपीएड, पोलीस भरती, सैन्य किंवा सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं ५ टक्के समांतर आरक्षण. त्या आरक्षणासाठी कोणता खेळ, कोणती स्पर्धा आणि कितवा क्रमांक चालतो याचे नियम शासन निर्णयात बांधलेले आहेत, आणि प्रमाणपत्र विभागीय क्रीडा उपसंचालकांकडून पडताळून घ्यावं लागतं. बोगस प्रमाणपत्रांची प्रकरणं राज्यात गाजल्यापासून ही पडताळणी कडक झाली आहे. ‘सर्टिफिकेट आहे ना, मग झालं’ असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. संघटनेने दिलेला प्रत्येक कागद पडताळणीत टिकतोच असं नाही.

एक अडचण कुणी आधी सांगत नाही ती वेळापत्रकाची. विद्यापीठाचा क्रीडा हंगाम आणि हिवाळी परीक्षा एकमेकांच्या अंगावर येतात. त्यात ७५ टक्के हजेरीचा नियम, विज्ञान शाखेची प्रात्यक्षिकं. नांदगाव पेठहून सकाळी सहाला मैदानावर पोचायचं तर पोराला पाचला घर सोडावं लागतं, आणि परतीची एसटी चुकली की संध्याकाळ रस्त्यावर जाते. बीएस्सीचा विद्यार्थी पहिल्या वर्षी उत्साहाने खेळतो, दुसऱ्या वर्षी दोन विषय राहतात आणि तिसऱ्या वर्षी ग्लोव्ह माळ्यावर जातो, हे चित्र डीपीईंना पाठ असतं. तरी फोनवर ते सांगत नाहीत, कारण त्यांना संघ पुरा करायचा असतो. त्यात त्यांचा दोष काढण्यापेक्षा आपण विचारलेलं बरं.

शिष्यवृत्ती नसलेल्या भरतीत एक फायदा असतो, तो मुलांच्या सहसा लक्षात येत नाही. इथे कुणीच कुणाला बांधलेला नसतो. अमेरिकेत डिव्हिजन थ्रीचा खेळाडू हौसेने फोटो काढून सही करतो, पण ती सही त्याला बांधत नाही. संघ सोडला तरी त्याची फी सवलत जात नाही, कारण ती खेळासाठी दिलेलीच नसते. आपल्याकडेही तसंच. डीपीईने शब्द दिला, मुलाने शब्द दिला, कागद कुणाकडेच नाही. शब्दावर चालणाऱ्या व्यवहारात वजन विचारणाऱ्याचं असतं, आणि प्रवेश घेण्याआधी विचारणारा खेळाडूच असतो. प्रवेश झाला, टीसी जमा झाली, की पारडं फिरतं.

म्हणून यंदा तुमच्या घरी असा फोन आला, तर पोराला आणि त्याच्या सरांना घेऊन कॉलेजात जा आणि समोर बसून विचारा. गेली तीन वर्षं या कॉलेजने बेसबॉलची प्रवेशिका विद्यापीठात पाठवली का? त्या संघातली मुलं तिसऱ्या वर्षाला पोचली का, आणि पास झाली का? परीक्षा आणि शिबिर एकाच आठवड्यात आले तर कॉलेज काय करतं? महाडीबीटीचा अर्ज भरायला मदत कोण करणार? विभागीय आणि राज्य स्पर्धेची मूळ प्रमाणपत्रं, सोबत संघाच्या यादीची प्रत, आत्ताच शाळेतून मागून घ्या. चार वर्षांनी शाळेत तो कागद सापडेलच असं नाही. आणि मुलाला शेवटचा प्रश्न तुम्हीच विचारा: उद्या खांदा दुखावला आणि बॉल फेकता आला नाही, तरी याच कॉलेजात, याच विषयाला तू तीन वर्षं बसशील का? तो ‘हो’ म्हणाला तर प्रवेश घ्या. ‘नाही’ म्हणाला, तर सरांना नमस्कार करून पुढच्या कॉलेजात चला.